चिकूच्या अर्जावरचा शेरा

देश बंद झाला त्या उन्हाळ्यात मी डहाणूला नायब तहसीलदार होतो. कारखाने बंद, एसटी बंद. तलासरीच्या हायवेवरून माणसं पायी गावाकडे निघालेली. मोठे निर्णय टीव्हीवर होत होते. माझ्या वाट्याला एक अगदी छोटा आला, आणि तोच मला पेलला नाही.

आशागडच्या पाड्यावरच्या तीस बायका दरवर्षी बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवायला जातात. बस नव्हती, म्हणून त्यांच्या मुकादम बाईने टेम्पोची परवानगी मागितली. शेतीकामाला वरून मोकळीक होती. वाहनाचं तेवढं 'स्थानिक पातळीवर ठरवावे' असं आदेशात होतं. स्थानिक पातळी म्हणजे मी. मी पेन उघडलं आणि अर्जावर लिहिलं, 'चर्चा करावी.'

सरकारी नोकरी न केलेल्यांसाठी सांगतो, हा फार गुणी शेरा आहे. फाइल हलत नाही आणि लिहिणारा अडकत नाही. टेम्पोत कुणाला लागण झाली असती, तर खाली सही माझी असती ना!

बाई आशागडहून रोज चालत यायची, पदराने तोंड बांधून.

"साहेब, झाली का चर्चा?"

"चालू आहे."

"कोणाशी? हाफिसात तर तुम्ही नि हे काका."

शिपाई काका स्टुलावरून म्हणाले, "बसू का साहेब मी चर्चेला? चहा नाही मागणार."

मी दोघांनाही दटावलं. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाली, "चिकूला सांगून ठेवलंय, साहेबांचं होईस्तोवर पिकू नको. पण तो काय सरकारी नाय." मला हसू आलं, मास्क होता म्हणून बरं.

सहाव्या दिवशी मोठ्या साहेबांनी फोनवर विचारलं, "त्या टेम्पोचं काय झालं?" मी अर्ध्या मिनिटात सही केली.

बाईने कागद घेतला, घडी घातली. "निम्म्याहून जास्त गळून गेलं. वाडीवाला आता दहाच बायका मागतो. तिसातल्या दहा कोण, ते पण तुम्हीच लिवा."

मी पेनाला टोपण लावलं. मग तिनेच पायरीवर बसून बोटांवर दहा नावं मोजली: आधी ज्यांच्याकडे रेशनकार्ड नाही त्या, मग लेकुरवाळ्या, शेवटी स्वतः. "मी नसले तर ह्या नुसत्या गप्पा मारतील." काकांचा चहा उकळेपर्यंत तिचं ठरवून झालं होतं. वीस जणी घरी राहिल्या.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. मोठ्या साहेबांनी उशिराचा लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, 'अर्जदाराने त्रुटींची पूर्तता विलंबाने केली.' अर्जात एकही त्रुटी नव्हती. तो खुलासा साहेबांनी मान्य केला आणि तो तिच्या अर्जाला जोडला गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा बंदी आली, पुन्हा तिचा अर्ज आला. नव्या कारकुनाने जुनी फाइल काढली, माझं वाक्य वाचलं आणि तिला सतरा कागद आणायला सांगितले. ती माझ्या टेबलाशी आली. या वेळी थट्टा नव्हती.

"साहेब, तुम्हाला ठाऊक आहे. मी कधी उशीर केला?"

मी म्हणालो, "बघतो." आणि कारकुनाला काहीही सांगितलं नाही.

कागद जमवण्यात तिचे नऊ दिवस गेले.