फोडलेला सेट

मी आयुष्यात कधी ड्रमचा सेट फोडला नव्हता. हे आधीच सांगतो, कारण आमच्या धंद्यात असं म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. सेट फोडणं म्हणजे अख्खा जुना सेट घ्यायचा आणि सुटा सुटा विकायचा. पायानं वाजवायचा मोठा ड्रम एकाला, स्टँड दुसऱ्याला, वरच्या झांजा तिसऱ्याला. जास्त पैसे सुटतात त्यात. मी नाही केलं. जे इतकी वर्षं एकत्र वाजलं ते एकत्रच जाईल, असं माझं म्हणणं. दापोडीपासून चाकणपर्यंत कुठल्याही बँजोवाल्याला विचारा. काळेवाडीच्या म्हाताऱ्याकडचा, म्हणजे माझ्याकडचा, सेट म्हटला की तो उघडूनसुद्धा बघत नाही.

मी कंपनीत टर्नर होतो. शाळा चौथीतच सुटली, पण लेथवर हात बसला होता. डीजे आला तशा ऑर्केस्ट्रा पार्ट्या बसल्या आणि त्यांचे जुने विलायती सेट कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यात जाऊन पडले. सुट्टीच्या दिवशी मी टेम्पो घेऊन जायचो. गंजलेला सेट आणायचा, तुटलेला स्क्रू नवीन करायचा, ड्रमच्या तोंडावर नवीन पान चढवायचं, आणि विकायचा नाहीतर दुसऱ्या सेटवर बदली करायचा. बायको म्हणायची, "लोकाच्या घरात फ्रीज येतो, आपल्यात ढोल येतात." म्हणायची, पण पलंग सरकवून जागा तीच करायची.

कासारवाडीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा सेट मात्र आम्ही ठेवूनच घेतला. लालभडक, आत चमकी भरल्यासारखा. आमच्या लग्नाच्याही आधीचा. त्याच्या दोन झांजा काळ्या पडलेल्या. सेट आणला त्या दिवाळीला मी फर्स्ट शिफ्ट करून घरी आलो, तर हिनं देवाच्या भांड्यांबरोबर त्या झांजाही चिंच आणि राख लावून घासलेल्या, दारात उन्हाला ठेवलेल्या. समईपेक्षा लखलखीत. आणि बनवणाऱ्याचा छाप साफ गेलेला. जुन्या झांजेची किंमत त्या छापात आणि त्या काळेपणातच असते.

मी डोक्याला हात लावला.

"काय झालं? लक्ष्मीपूजनाला घरात काळं भांडं ठेवू व्हय?"

गल्लीतल्या बाया बघायला जमल्या होत्या. "वहिनी, कसल्या घासल्यात हो!" आणि ही अशी उभी, जशा झांजा हिनंच ओतल्यात. पुढं दर दिवाळीला घासायची. मी मुकाट्यानं स्टँडवरून काढून द्यायचो. खरं सांगतो, मलाही मग त्या तशाच आवडायला लागल्या.

ती गेली त्याला वर्ष होऊन गेलं. मुलगा चाकणला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आण्णा, खोली सोडा आता, माझ्याकडं या. फक्त तो सेट मावायचा नाही." त्याचं घर मी बघितलंय. खरंच मावायचा नाही.

मग पुण्याहून एक जण आला. जुने सेट जमवणारा, चाळिशीचा, बोलायला सरळ. सेट बघून खाली मांडी घालूनच बसला. आत टॉर्च मारून बघितलं, पानावर बोट फिरवलं. "काका, इतका सांभाळलेला सेट मी कुठंच बघितला नाही." माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. मग तो झांजांकडं वळला.

"अरेरे! ह्या कुणी घासल्या?"

"बायकोनं."

भिंतीवर तिच्या फोटोचा हार त्याला दिसला. हळूच म्हणाला, "हरकत नाही, काका. मी दुसऱ्या लावीन. पण ह्या पण नेतो. तुम्ही सेट फोडत नाही, ऐकलंय मी. बाजूला ठेवीन नीट."

माणूस माझ्या शब्दाला मान देत होता. त्याचं काही चुकलं नाही. पण ते 'बाजूला' मला लागलं. कुठल्या तरी कपाटामागं, गोणपाटात गुंडाळून.

"बाजूलाच ठेवायच्या तर माझ्याकडंही जागा आहे," मी म्हणालो.

"मग सेट फुटला की, काका."

"फुटू दे."

झांजेचा नट हातानंच सुटतो, पाना लागत नाही. मी दोन्ही काढून पलंगावर ठेवल्या. ड्रम टेम्पोत चढवायला मी स्वतः हात लावला, दोरी मी बांधली. समोरच्या टपरीवाल्यानं टोमणा मारलाच. "काय राव म्हातारबा, शेवटी फोडला ना सेट?"

"फोडला. तू चहा गाळ."

आता झांजा मुलाच्या हॉलमध्ये आहेत, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर. दोन खिळे मीच ठोकले. मुलाच्या शिफ्टमधली पोरं जेवायला येतात, विचारतात. परवा एकानं टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, ड्रम कुठाय मग?"

"ड्रम पुण्याला. चांगल्या घरी पडलाय. तू इकडं ये, ह्यात तोंड बघ."

त्यानं बघितलं.

"मिशीचा केसन् केस दिसतोय की हो!"

"दिसणारच," मी म्हणालो. "घासणारी कोण होती!"