मालीपाटलाचा बैल

१९८६ साल. माझं वय एकतीस. शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमचं गाव. लातूर जिल्हा होऊन चार वर्सं झाली होती. पाऊस मात्र नव्या जिल्ह्यात यायला तयार नव्हता.

मालीपाटील म्हंजे गावचा सारा वसूल करणारा पाटील. त्याच्या ओसरीखाली भर उन्हात उभा होतो. पहाटं त्याचा बैल मेला होता. ओसरीवर चारपाच माणसं पान चघळत बसलेली.

"काय रं येशूच्या, बैल वढायला यायचं, का तुला चिठ्ठी धाडायची?" मालीपाटील म्हणाला.

"मालक, मी ते काम सोडलंय. बाप्तिस्मा घेतलाय."

"बैलानं कुटं घेतलाय? त्याला वढ की."

ओसरी हसली. एकजण तर ठसका लागेस्तोवर हसला. मालीपाटलानं माझ्या पायाजवळ पिंक टाकली.

"उद्या सकाळी बैल हलला न्हाई, तर तुझी बायकू माझ्या विहिरीवर दिसाय नको."

गावात पाणी त्या एकाच विहिरीला होतं. आमच्या बायका लांब बसून राहायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी. न्हाई तर ऊन.

मेलेलं ढोर ओढायचं काम बौद्धवाड्यानं कवाच टाकून दिलं होतं. मग ते आम्हा मांगांच्या गळ्यात आलं. बापानं केलं. मी केलं. खोटं कशाला सांगू, बाप्तिस्मा झाल्यावर पण दोन ढोरं ओढली. रविवारी चर्चात, सोमवारी दोर खांद्यावर. तेव्हा मला कुणी येशूच्या म्हणलं न्हाई. नकार दिला तेव्हा म्हणले.

ओसरीवरून आमच्या चर्चाच्या पाळकसाहेबांकडं गेलो. भला माणूस. शिकलेला.

"भाऊ, ख्रिस्तानं शिष्यांचे पाय धुतले. नम्र व्हा. एवढा एक बैल ओढून टाका."

मी तिसरीतून शाळा सोडलेली. मला सुचायला वेळ लागतो. दारापर्यंत गेलो अन् वळलो.

"साहेब, त्यानं आपल्या मनानं धुतले. त्याला कुणी पाणी तोडायचा धाक घातला होता का?"



घरी बायकोला सगळं सांगितलं. पाणी बंद होईल म्हणलं.

"व्हऊ द्या. नदीच्या वाळूत झिरा खांदू, पाझरंल तेवढं पाणी भरू."

"नदी दोन कोस हाय."

"मला पाय हायत. पण ह्या बारीला ढोर ओढून आलात, तर घरात येऊ नगा."

जेवण गेलं न्हाई. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे मी ऐकलेलं. मालीपाटील पण शेजारीच की. बैल कुजला तर रोगराई सगळ्या गावाला. मदत तर करायची. पण शेजारी शेजाऱ्याच्या कामाला हात लावतो. धाक घालून राबवून घेतो, त्याला शेजारी कोण म्हणंल? एवढं कळायला मला सांज झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोर घेतला. बायको दारात आडवी आली. म्हणलं, "संगं चल. बघ."

बैलाचे पाय बांधले. दोराचं एक टोक माझ्या खांद्यावर घेतलं. दुसरं नेऊन मालीपाटलाच्या पायरीवर ठेवलं. तो चहा पीत होता.

"मालक, शेजारी म्हणून आलोय. एक टोक तुमच्या घरानं धरा, एक माझं घर धरंल. नुसतं आमच्या खांद्यावर इथून पुढं काय निघणार न्हाई. माझी लेकरं बी ओढणार न्हाईत."

"लई माजलास," तो म्हणाला. उठला न्हाई.

उन्हं पायरीवर येईस्तोवर मी उभा राहिलो. मग दोर सोडून घेतला. बैल तिथंच राहिला. आम्ही दोघं कुदळ घेऊन नदीवर गेलो, अन् झिरा खांदायला लागलो.