साडेदहाचा नाश्ता

नोकरी सोडली त्या दिवशी मी घरात फर्मान काढलं: यापुढे या घरात कुणीही उभ्याने नाश्ता करायचा नाही.

अठरा वर्षं मी कोथरूडहून हिंजवडीला कंपनीच्या बसने गेले. सहा पन्नासला बस कोपऱ्यावर यायची. सासूबाई सहालाच उठून पोहे नाहीतर उपमा करायच्या आणि मी एका हाताने केसांना क्लिप लावत दुसऱ्या हाताने चार घास कोंबायची. ते पोहे कसे होते असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी त्यांची चव कधी घेतलीच नाही. मग एकदा बसमध्येच मला रडू फुटलं, कारण काहीच नव्हतं, आणि त्या महिन्यात मी राजीनामा दिला.

आता सावकाश जगायचं ठरलं. सावकाश जगणं म्हणजे काय ते मला नक्की माहीत नव्हतं, पण त्यात नाश्ता असतो एवढं कळत होतं. मी आठ वाजता उठू लागले. आठवडाभराची साय विरजून घरी लोणी काढलं. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली, मिक्सरला हात लावला नाही. एकेक थालीपीठ मंद आचेवर, झाकण ठेवून, मधल्या भोकात तेल सोडून. कधी दडपे पोहे, कधी घावन, रविवारी साजूक तुपातला शिरा. फोटो काढून ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर टाकायची, खरं सांगायचं तर त्यांना खिजवायलाच. या सगळ्याला साडेदहा वाजायचे. नवरा घरूनच काम करतो, त्याची काही तक्रार नव्हती.

नियम दोनच होते. सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि तोवर कुणी तोंडात काही टाकायचं नाही, नाहीतर भुकेची मजा जाते. सासूबाईंना मी वर असंही सांगितलं, "आई, तुम्ही खूप केलंत. आता सकाळी स्वयंपाकघराकडे फिरकायचंसुद्धा नाही." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. मी त्यांना केवढी मोठी भेट दिली, या आनंदात मी होते.

त्या मात्र साडेदहाला बसून अर्धंच थालीपीठ खायच्या. "पोट भरल्यासारखं वाटतंय," म्हणायच्या. मला राग यायचा. मी नवऱ्याला म्हणालेही, "तुझ्या आईला माझ्या हातचं गोड लागत नाही." तो म्हणाला, "वय झालंय तिचं." एक गोष्ट मात्र मला आवडली होती. त्या रोज साडेसहाला बूट घालून फिरायला जायला लागल्या होत्या. मी सावकाश जगायला लागले तर बघा, घरातलं माणूसही सुधारलं, असं मी चक्क समजत होते.

मे महिन्यातली गोष्ट. उन्हाळ्यामुळे आप्प्यांचं पीठ रात्रीत इतकं फुगलं की पातेल्याबाहेर आलं. सव्वासातला जाग आली तर ओट्यावर ओघळ. आता आप्पे लगेच करायला हवेत, आणि आप्पेपात्र खालच्या काकूंकडे. काकू म्हणजे आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमधल्या निवृत्त शिक्षिका. मुसलमान घर, चार पिढ्या पुण्यातल्या, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. एकट्याच राहतात आणि पहाटे उठतात. मी गाऊनवर ओढणी घेऊन जिना उतरले.

त्यांचं लाकडी दार उघडं होतं. जाळीच्या दारातून समोरचं जेवणाचं टेबल दिसत होतं. टेबलाशी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. पुढ्यात बशी होती आणि त्या आमलेट-पाव खात होत्या.

आमच्या घरात अंड्याचा तवा गॅलरीत असतो. लग्न झाल्यापासून तसंच आहे. तवा वेगळा, कालथा वेगळा, विजेची शेगडी वेगळी, वॉशिंग मशीनच्या शेजारी. आम्ही नवरा-बायको कधीमधी रविवारी तिथे उभं राहून आमलेट करायचो, तेव्हा सासूबाई काचेचं दार लावून घ्यायच्या आणि आत उदबत्ती लावायच्या. ती बाई इथे पावाच्या तुकड्याने बशी पुसत होती.

काकूंनी मला पाहिलं. "या ना, बसा तुम्हीही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे साडेदहाला असतं, नाही का?"

मी आत गेले. सासूबाईंनी तोंडातला घास संपवला, मग म्हणाल्या, "डॉक्टरांनीच सांगितलंय. अंडं खा म्हणून."

"मग घरी का नाही सांगितलंत?"

"अठरा वर्षं उदबत्ती मीच लावली. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मला हसू येणार होतं. तेवढ्यात मीठ-मिऱ्याच्या बाटल्यांशेजारी निळी डबी दिसली. सात खणांची, वारांची नावं लिहिलेली गोळ्यांची डबी. ती मीच त्यांना आणून दिली होती. आमच्या फ्रिजवर असायची. ती तिथून कधी गेली, मला पत्ता नव्हता.

"ही इथे कशी?"

उत्तर काकूंनी दिलं, "शुगरची गोळी घेतली की अर्ध्या तासात खावं लागतं. सातला गोळी आणि साडेदहाला नाश्ता, कसं जमायचं? मध्यंतरी जिन्यात चक्कर आली त्यांना. मी दार उघडलं म्हणून बरं. हातात कोथिंबीर होती, घट्ट धरलेली. घामाने नुसत्या भिजल्या होत्या."

ती कोथिंबीर मीच आणायला पाठवली होती. माझं सावकाश जगणं सुरू होऊन तेव्हा चार दिवससुद्धा झाले नव्हते. त्या परत आल्या तेव्हा मी काय म्हणाले होते तेही आठवलं. "आई, किती वेळ! पीठ सुकलं माझं." त्यांनी कोथिंबीर धुऊन दिली होती आणि टेबलाशी साडेदहाची वाट बघत बसल्या होत्या.

"अहो आई, एक बिस्किट तरी खायचंत घरी! मी काय अडवलं असतं?"

"तूच म्हणालीस, आधी कुणी खायचं नाही." त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "अठरा वर्षं तुला खाऊ घातलं, तू कधी बसून खाल्लं नाहीस. आता गाणं गुणगुणत करतेस सगळं. त्यात मी आपली डबे वाजवत बसू?"

मी आप्पेपात्र घेतलं आणि वर आले. त्या दिवशी आप्पे सुरेख झाले, जाळीदार. मी ओट्याशी उभ्यानेच तीन खाल्ले आणि मला त्यांची काही चव लागली नाही. एका माणसाला मी त्याच्याच घरात उपाशी ठेवलं होतं, रोज, लोणी लावून. तेही स्वतःची पाठ थोपटत.

दुसऱ्या दिवशी सहाला उठले. गॅलरीतला तवा घासला, आत आणला आणि गॅसवर ठेवला. साडेसहाला सासूबाई बूट घालून खोलीबाहेर आल्या. वास आला असणार. स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून त्या तव्याकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी बूट काढले, आत येऊन बसल्या आणि आख्खं आमलेट खाल्लं. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांनी माझ्या हातच्या खाण्याला ठेवलेलं ते पहिलं नाव होतं.

मग दुसरं आमलेट बशीत घेऊन त्यांनी वर ताटली झाकली. "हे खाली देऊन येते. वाट बघत बसतील बिचाऱ्या." दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "येताना माझी गोळ्यांची डबी वर आणू का?"

लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी याच दारात उभी राहून त्यांना असंच घाबरत विचारलं होतं, "चहा ठेवू का?" तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "विचारतेस काय? घर तुझंच आहे."

तेच वाक्य माझ्या तोंडाशी आलं. पण ते त्यांना ऐकवणारी मी कोण? मी झाकलेली बशी त्यांच्या हातातून घेतली, पायात चपला सरकवल्या आणि डबी आणायला खाली गेले.