चौदा प्रश्नचिन्हं

उस्ता मुतवल्लीला ओळखत नाही असा सुतार इजिप्तमधल्या अख्ख्या दुम्यात गावात सापडायचा नाही. चाळीस वर्षं त्यानं पटाशीनं नवऱ्यामुलींचे पलंग कोरले. मग हात थरथरायला लागला, आणि मालकानं त्याला कोरायच्या मशीनवर बसवलं. संगणकात नक्षी काढायची, तिला नाव द्यायचं, मशीनच्या पडद्यावर ते नाव शोधायचं, बटण दाबायचं. शेंबडं पोरही करील असं काम. पण उस्ताचं घोडं अडलं ते नावापाशी.

मशीनला अरबी कळत नाही. एकेका अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह दाखवतं, आणि मनात आलं तर रुसून बंदच पडतं. दुरुस्तीवाल्यानं कैरोहून फोनवर घसा कोरडा केला, "अहो उस्ता, आकडे द्या ना! एक, दोन, तीन!"

"नवरीच्या पलंगाला आकडा? ती काय तुरुंगात चाललीय?" उस्तानं फोन आपटला.

नवी वस्तू दिसली की आधी 'माशाल्ला' म्हणावं, नाहीतर नजर लागते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक. म्हणून उस्ताच्या प्रत्येक नक्षीचं नाव 'माशाल्ला', पुढे गिऱ्हाइकाचं नाव, आणि सगळं अरबीत. पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हांची रांग. उस्ता ती बोटानं मोजायचा. बारा म्हणजे हुदाचा पलंग, तेरा म्हणजे समीरचं कपाट. काम झालं की ते नाव पुसून टाकायचा. सहा वर्षं हा वेडेपणा बिनचूक चालला, आता बोला!

मग त्याच्या धाकटीचं, हनादीचं लग्न ठरलं. मुलगा सोन्यासारखा. पण त्याची आई, हाज्जा तफीदा! ही बाई कौतुक तोंडभरून करायची आणि 'माशाल्ला' मात्र गिळायची. शेजारणीच्या नव्या कपाटाला "काय सुंदर आरसा!" म्हणाली, संध्याकाळच्या आत आरशाला तडा. उस्ताची झोप उडाली. गुरुवारी नवरीचं सामान उघड्या ट्रकमधून, ढोल वाजवत, गल्लीभर मिरवत जाणार. तफीदा दारातच उभी असणार. पोरीच्या संसाराला या बाईची नजर लागली तर? पोरीच्या पलंगाच्या उशासाठी मोरांची जोडी त्यानं महिनाभर खपून काढली आणि नाव दिलं 'माशाल्ला हनादी'. अरबीत चौदा अक्षरं.

बुधवारी सकाळी त्यानं अखंड रुंद फळी चढवली, चौदा मोजली, बटण दाबलं आणि वालाची उसळ-भाकरी खायला गेला.

परत येऊन भुसा झटकला. खालून दोन शिंगं निघाली.

बयूमी खाटकाच्या दुकानाची पाटीही त्याच आठवड्यात कोरायची होती. 'माशाल्ला बयूमी'. तीही चौदा! नवरीच्या उशाशी मोर नाचायचे तिथे दात काढून हसणारा बैल. फळी दुसरी नव्हती. असती तरी ती तासून, कोरून, रोगण वाळायला वेळ कुठे होता?

तेवढ्यात हनादी पॉलिशवाल्यांसाठी चहा घेऊन आली. उस्तानं फळीवर गोणपाट टाकलं, तिनं ते ओढलं. बघत राहिली. मग अशी हसली, की किटली खाली ठेवावी लागली.

"बाबा, हा माझ्याकडेच बघून हसतोय हो!"

"थांब, तासून टाकतो. सपाट फळी देतो."

"मुळीच नाही. लावा रोगण."

"अगं, सासू काय म्हणेल?"

"म्हणू दे की!"

उस्तानं दुपारपर्यंत बैलाच्या गळ्यात थरथरत्या हातानं फुलांची माळ कोरली. ती वाकडी आली. त्यानं बैल अधिकच खुशीत दिसायला लागला.

गुरुवारी ट्रक तफीदाच्या दारात थांबला. ढोल गप्प झाले. बाईचे डोळे पाटावरून, कपाटावरून सरकत पलंगावर आले आणि तिथेच रुतले. तोंड उघडलं. कौतुक काही बाहेर येईना.

"अगं बाई!" शेवटी ती म्हणाली. "बिचारी पोर! हे ध्यान कोरलं तरी कुणी?"

गल्ली फिदीफिदी हसली. चाळीस वर्षांचं नाव उस्ताच्या डोळ्यांपुढून झर्रकन गेलं. मशीनवर ढकलायला एक शब्द पुरला असता. पण 'बिचारी' हा शब्द त्याच्या कानात अत्तरासारखा शिरला होता. बिचारीला कुणाची नजर लागत नाही.

तो ट्रकवरून उतरला, डोळे पुसले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी कोरला, हाज्जा. या हातांनी."