लंगड्या काळविटासाठी पातं

नातवंडांनो, रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरल्यानं विचारलं, "आजी, हरणाच्या शिकारीला तीराचं कुठलं पातं चांगलं?" तुमच्याकडे परदेशात ते चालतं, इथं आता कायद्यानं बंदी आहे. मी विषय बदलला. पण याच प्रश्नात एका माणसाची तीन वर्षं गेली आणि त्यातला एक हिवाळा माझ्यामुळे गेला, म्हणून नीट लिहून पाठवते.

माझ्या थोरल्या दिरांइतका तीराच्या पात्याचा विचार जगात दुसऱ्या कुणी केला नसेल. भाऊजी शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारीच राहत, शेती करमाडला. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर बंदुका कचेरीत जमा करण्याचा हुकूम निघाला. बंदूक द्यायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजींनी हौसेनं माळावरच्या एका काळविटावर शेवटचा बार काढला. गोळी मागच्या पायाला लागली. जनावर पळालं आणि सकाळी बंदूक गेली. काळवीट मात्र जगलं आणि तीन पायांवर हरभऱ्यात येऊ लागलं. शेतावरचा सालदार घरी येऊन सांगायचा, "मालक, त्यो लंगडा आज बी आलता." मग भाऊजी ताटावरून उठत.

"ठाण्यातल्या जमादाराला सांगा की. त्याच्याकडं बंदूक हाय," जाऊबाई म्हणत.

"नाय. माझं पाप मीच निस्तरणार. अन् ह्या बारीला एकाच घावात."

कन्नडकडच्या एका भिल्लाकडून त्यांनी बांबूचा कामठा, म्हणजे धनुष्य, आणला. नेम वर्षभरात बसला. पातं काही ठरेना. मागं वळलेल्या काट्यांचं पातं नको, कारण ते जखमेत अडकून राहतं. हलकं नको, हाडावर वाकतं. सगळी पाती एका वजनाची हवीत, म्हणून ते सोनाराकडे जाऊन गुंजांवर तोलून घेत. धार स्वतःच्या हातावरचे केस भादरून पाहत, त्यामुळे त्यांचा डावा हात बारा महिने तुळतुळीत असे. त्यांची पाती घडवणारे लोहारचाचा एकदा वैतागून म्हणाले, "भाऊसाब, हिरन मारना है या उसकी हजामत करनी है?" घाव किती खोल जातो ते पाहायला घरातला प्रत्येक लाल भोपळा परसात टांगला जाई. "आज भाजी चिरायची गरज नाय," म्हणत जाऊबाई तो तसाच फोडणीला टाकत.

दुसऱ्या हिवाळ्यात दोन धारांचं, देठासकट एकसंध घडवलेलं पातं अखेर पसंत पडलं. नेमकं तेव्हाच त्यांना जुन्या बाजारात तीर-कामठ्यांचं एक विलायती कॅटलॉग मिळालं आणि ते वाचून दाखवायला इंग्रजी शिकलेली मी होतेच. आत मिटणारी, लागल्यावर बिजागरीवर उघडणारी पाती त्यांनी तिथंच निकालात काढली: "कब्जा दाराला लावतात, बाई. तीराला लावला की दगा." मी तिथं थांबायला हवं होतं. पण अर्धवट वाचायची मला सवय नव्हती. मी पान उलटलं आणि तीन धारांच्या पात्याचे गुण शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचले. भाऊजींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लोहारचाचांच्या भट्टीपुढे बसले होते. तिकडे काळवीट खंगत होतं.

पुढच्या थंडीत ते पुन्हा दोन धारांवर आले आणि एका सकाळी निघाले. कॅटलॉगची चुटपुट लागली होती म्हणून मीही टांग्यातून सोबत गेले. सालदार बांधावरच उभा होता.

"मालक, लंगडा गेला. पहाटं कुत्र्यांनी धरला. लई येळ वरडत व्हता."

भाऊजींनी कामठा खाली ठेवला. कुत्र्यांनी जे ठेवलं होतं ते पुरायला त्यांनी स्वतः खड्डा खणला. परतताना टांग्यात ते म्हणाले, "बाई, कुठलं बी पातं चाललं असतं."

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पुढे हरभऱ्यात हरणं शिरली तर सालदाराला हाकलू देत नसत. "खाऊ दे रे," म्हणत आणि शेवटच्या दोन रांगा त्यांच्यासाठी न काढता ठेवत. ते गेले, जाऊबाई गेल्या, अर्ध्या शेतावर कारखाना झाला. करमाडच्या माळावर पाच-सहा हरणं अजून आहेत.