यादीतलं शेवटचं नाव

संस्थेच्या अध्यक्षांनी मोठ्या पडद्यावर स्वतःच्या नावावर क्लिक केलं आणि माझ्या आईचा फोटो उघडला. खाली लिहिलेलं, सफाई कामगार.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी प्राचार्यांच्या नावावर क्लिक केलं. परत आई. खजिनदारांच्या नावावर, परत आईच.

"माझ्या नावावर झाडूवाली? कुणाचं डोकं हे?"

आमच्या ऑफिसच्या सरांनी माझ्याकडं बोट केलं.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. राजारामपुरीतल्या सरांच्या ऑफिसात मी वेबसाइट बनवायची. या शिक्षणसंस्थेचीही मीच केलती. कर्मचाऱ्यांची यादी, नावावर क्लिक केलं की त्या माणसाचा फोटो. चूक माझीच होती. लूप, म्हणजे तोच कोड पुन्हा पुन्हा फिरवून प्रत्येक नावाला क्लिक लावला, पण सगळ्यांना एकच व्हेरिएबल, नाव ठेवायचा एकच डबा. लूप संपला तेव्हा त्यात शेवटचं नाव उरलं. मग कुठंही क्लिक करा, शेवटचाच फोटो. आणि मी तपासताना फक्त शेवटचंच नाव उघडून बघितलेलं. आईचं होतं म्हणून.

फोटो बावड्यात, आमच्या दारात मीच काढला होता. "माझा कशाला गं फोटू? कोण बघणार हाय?" ती म्हणालती.

आता सगळे बघत होते. ती स्वतः दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. माझ्याकडं ढुंकूनही बघत नव्हती. तसं मीच बजावलं होतं, हॉलमध्ये मला हाक मारू नकोस म्हणून. ऑफिसात मी एवढंच सांगितलेलं की आई शाळेत नोकरीला आहे. लोकांना ती शिकवणारी बाई वाटायची, मी वाटू द्यायची. थू माझ्या जिंदगानीवर.

मी माफी मागितली. प्रोग्रामची चूक आहे, दहा मिनिटांत नीट करते म्हणाले. अध्यक्ष ऐकेनात. मुद्दाम केलंय म्हणाले. मग दाराकडं बघून म्हणाले, "असलं ध्यान वेबसाइटवर? काढून टाका ते नाव."

सर लगेच, काढतो साहेब. मला म्हणाले, आत्ताच काढ, साहेबांसमोर.

मी त्या ओळीवर गेले. खरं सांगते, बोट डिलीटवर ठेवलं होतं. तेवढ्यात ट्रेमधल्या कपबशा वाजल्या. आईनं ट्रे सावरून धरला. फिनेलनं भेगाळलेले हात. त्याच हातांनी माझ्या कॉम्प्युटर क्लासची फी भरली होती. अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाचा राग आला, त्याहून जास्त माझा मला.

"ती माझी आई हाय," मी म्हणाले. "वीस वर्षं तुमच्या मुताऱ्या धुतीया. नाव न्हाय निघायचं."

मी खाली मान घालून माझी चूक दुरुस्त केली. प्रत्येक नावाला त्याचं त्याचं व्हेरिएबल दिलं. अध्यक्षांच्या नावावर क्लिक केलं, अध्यक्ष आले. शेवटच्या नावावर केलं, आई आली. ती तशीच पडद्यावर ठेवून मी उठले. दारात गेले आणि तिच्या हातातला ट्रे खाली ठेवला.

जिन्यात सर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. मी बरं म्हणाले.

पुढं त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ते नाव काढून घेतलं. आईला कामावरून काढायची मात्र छाती झाली नाही. मी नंतर चार ऑफिसं बदलली. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आधी सांगितलं, आई सफाई कामगार हाय. आणि यादीतून माणूस काढायला सांगितलं, तर तिथं माझं बोट चालणार नाही. नोकरी गेली तरी चालंल.