टूवूंबाची सेमीफायनल आणि माझा गळा

आम्ही परदेशात, इथल्या राज्याच्या हद्दी बंद, पुण्याची विमानं बंद, गेल्या वर्षीचा बेसबॉलचा सीझनही कोविडने गिळलेला. त्यामुळे आमच्या सईची टीम सेमीफायनलला पोचली आणि मॅच घाटावरच्या टूवूंबाला ठरली, तेव्हा माझी लेक राहिली बाजूला, मीच उड्या मारल्या. हरलो तर सीझन संपला, आणि पुढचा होईल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्प्रिंगफील्ड लेक्सहून सकाळी सातला निघालो. सव्वा तासाचा रस्ता, शेवटचा घाट सोडला तर सरळसोट. जुन्या घाटाने गेलात तर टोल लागत नाही. गेटवर कोविडच्या नोंदीचा कोड स्कॅन करायचा, घडीच्या खुर्च्या लांब लांब मांडायच्या. तीन डॉलरला पावात सॉसेज मिळतं. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. आम्ही थालीपीठं नेली होती.

बेसबॉलचे प्रेक्षक भलतेच! बॅटरने बॉल नुसता सोडला तरी "गुड आय!" म्हणून टाळ्या. आमच्या पिचरने तिसरा स्ट्राइक टाकला आणि शेजारच्या खुर्चीतले केनआजोबा कॉफीसकट उभे राहिले. मीही ओरडलो. कशासाठी, ते नंतर विचारून घेतलं: तीन स्ट्राइक म्हणजे बॅटर आऊट.

मग आमच्या बॅटिंगला सई पहिल्या बेसवर असताना बॉल उंच उडाला. आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये बॉल हवेत असतानाच पळून घ्यायचं, कॅच सुटला तर रन आपली. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पळ, सई!"

ती पळाली. कॅच झाला, ती परतायच्या आत बॉल पहिल्या बेसवर आला, आणि बॅटरबरोबर सईही आऊट.

ती तडक कुंपणाशी आली. "बाबा! कॅच होईपर्यंत बेस सोडायचा नसतो! प्लीज, जस्ट डोन्ट!"

"नो वरीज, मेट," केनआजोबा म्हणाले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेवटची इनिंग, शेवटची बॅटिंग आमची. स्कोअर बरोबरीत, एक आऊट, सई तिसऱ्या बेसवर. बॉल पुन्हा उंच! सगळे उभे. मी रुमाल तोंडात कोंबला. सई बेसवर पाय रोवून थांबली आणि कॅच झाला तशी सुसाट सुटली. थ्रो आला, ती रन पुरी करायला घसरत होम प्लेटवर पोचली, लाल धुरळा उडाला. अंपायरने दोन्ही हात पसरले. सेफ! जिंकलो! केनआजोबांनी कोपर पुढे केलं, मी सगळे नियम विसरून मिठीच मारली.

दुपारी घरी पोचलो. सईच्या पँटवरची लाल माती दोन धुण्यांतही गेली नाही, पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. गॅरेजमध्ये बॅग उतरवताना सई म्हणाली, "बाबा, शेवटी तू गप्प का होतास?"

"तूच म्हणालीस ना, ओरडू नकोस!"

"कॅचच्या आधी! नंतर ओरडायचं ना. आय वॉज लिसनिंग फॉर यू."

मग तिथंच, गाडीचं दार उघडं असताना, मी जीव तोडून ओरडलो, "पळ, सई, पळ!"

ती बॅग टाकून खरंच पळाली, थेट घरात.